वाळ्याच्या अत्तराचा फाया

अत्तार सरांवर लिहा, असं मला आजवर तीन वेळा सांगितलं गेलं. पहिल्या वेळी मी मोतीबिंदूच्या ऑपरेशनचं कारण सांगितलं, दुसऱ्या वेळी कांदाकाढणीचं. तिसऱ्या वेळी सरळ खोटं बोललो की लेख टपालात टाकलाय, हरवला असेल. खरं कारण असं की सरांवर लिहायचं तर एका सकाळबद्दल लिहावं लागणार होतं, आणि ती सकाळ मी कागदावर येऊ देत नव्हतो.

तेवढ्यानं भागलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. पण सर गेल्यावर आमच्या शाळेत शोकसभा झाली आणि त्यांच्याबरोबर तीस वर्षं शिकवलेला म्हणून मला शेवटी बोलायला उभं केलं. मी म्हणालो, "साथीच्या पहिल्या उन्हाळ्यात सर माझ्या बायकोचं औषध घेऊन गावाच्या वेशीपर्यंत आले, औषध तिथं ठेवलं, आणि गावाला धोका नको म्हणून स्वतःहून परत फिरले." लोकांनी डोळे पुसले. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत म्हणून वाजल्या नाहीत, एवढंच. पुढे शाळेच्या स्मरणिकेत ते वाक्य चौकटीत छापून आलं. खाली माझं नाव.

सर स्वतःहून परत फिरले नव्हते. त्यांना परत फिरवलं होतं, आणि ते मी केलं होतं. मी आता बाहत्तर वर्षांचा आहे. ती चौकट खोटी आहे हे जिवंतपणी सांगायचं, एवढ्यासाठी हे लिहितोय. पण आधी सर कसे होते ते सांगायला हवं. नाहीतर मी काय केलं ते नीट कळणार नाही.

सर जुन्नरचे. जुन्या बाजारपेठेतल्या एका बोळात त्यांचं घर. वडील आठवडी बाजारांतून अत्तर, उदबत्ती, कुंकू आणि करगोटे विकत हिंडायचे. सर मात्र शिकले आणि आमच्या शाळेत जीवशास्त्र शिकवायला लागले. आमचं गाव डिंगोऱ्याच्या बाजूला, मोठ्या रस्त्यापासून आत. सर सकाळच्या एसटीनं यायचे आणि फाट्यावर उतरून चालत शाळा गाठायचे. उंच, किडकिडीत. शर्टाची वरची गुंडी बारा महिने लावलेली. आणि डाव्या कानात वाळ्याच्या अत्तराचा फाया. माठात वाळ्याची जुडी टाकल्यावर पाण्याला येतो ना, तसा ओल्या मुळांचा थंड वास. सर आले हे डोळ्यांच्या आधी नाकाला कळायचं. परीक्षेत कॉप्या करणारी पोरं त्या वासानं सावध व्हायची. मी एकदा त्यांना म्हणालो, "सर, फाया काढून फिरा, दहा तरी सापडतील." ते म्हणाले, "नलावडे, मला चोर पकडायचे नाहीत, चोरी थांबवायचीय. म्हणून वास पुढं पाठवतो."

श्वसनसंस्थेचा धडा ते या फायापासूनच सुरू करायचे. कानातला फाया काढून टेबलावर ठेवायचे आणि म्हणायचे, "ज्याच्यापर्यंत वास पोचेल त्यानं हात वर करायचा." पहिल्या बाकावरचे हात वर जायचे, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. शेवटच्या बाकापर्यंत हातांची लाट जायची. मग ते विचारायचे, "मी तुमच्या कुणाच्या नाकाला हात लावला का?"

"नाय सर."

"मग आत कोण शिरलं?"

"वास, सर."

"ज्या वाटेनं वास शिरला, त्याच वाटेनं सर्दी शिरते, क्षय शिरतो, खडूची धूळ शिरते. वाट एकच. नाक म्हणजे शरीराची वेस आहे पोरांनो. आता मला सांगा, वेशीवर राखण कोणाची?"

खडूच्या धुळीशी त्यांचं उभं वैर होतं. फळा पुसायचं फडकं ते आधी ओलं करून पिळून घ्यायचे. त्यांच्या तासानंतर माझा गणिताचा तास असायचा. ओल्या फळ्यावर खडू उमटायचा नाही आणि मी वैतागायचो. स्टाफरूममध्ये आम्ही त्याला 'सरांचं पोतेरं' म्हणायचो. त्यांच्या कानावर ते गेलं, तर दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या टेबलावर एक नवं फडकं आणून ठेवलं, ओलं करून, पिळून, घडी घालून. म्हणाले, "पोतेऱ्याला पोतेरं म्हणा, पण वापरा. तुमची बिडी तुमच्या छातीला पुरेशी आहे, त्यात खडू कशाला?" बिडी मी पुढे सोडली. सोडवली त्यांनीच. पण तेव्हा आभार मानले नाहीत. म्हटलं, महाग झाली म्हणून सोडली.

पाठ्यपुस्तकात होतं की रक्तातल्या पांढऱ्या पेशी रोगजंतूंशी लढतात. अत्तार सरांना ते वाक्य सहन व्हायचं नाही. "हे म्हणजे 'पोलीस चोर पकडतात' म्हणण्यासारखं झालं. कुठला पोलीस? कुठं उभा? कसा ओळखतो?" पुण्याला गेले की ते रद्दीवाल्यांकडून वैद्यकीची जुनी पुस्तकं आणायचे. त्यांतून आणि पुढे वर्तमानपत्रांतून जे नवं कळेल ते बारीक अक्षरात समासात उतरवायचे. त्यात त्यांची सगळ्यात लाडकी होती नैसर्गिक मारक पेशी. नाव ऐकून पोरं हसायची, एखाद्या मारामारीच्या सिनेमाचं वाटतं म्हणून. सरही हसू द्यायचे, आणि मग सांगायला लागायचे. ते सांगणं व्हरांड्यातून जाता-येता मी इतक्या वेळा ऐकलंय की गणिताचा माणूस असूनही पाठ झालंय.

"नाकातले केस, शेंबूड, श्वासनळीतले बारीक केसांचे झाडू, हा झाला बाहेरचा बंदोबस्त. त्यातूनही विषाणू आत गेला आणि नळीच्या किंवा फुप्फुसाच्या एखाद्या पेशीत घुसला, तर? काही शिपाई असे आहेत की त्यांना आधी त्या रोगाची ओळख करून घ्यावी लागते, तयारीला दिवस जातात. तोवर काय घर जळू द्यायचं? तिथं ही मारक पेशी असते. ती हुकमाची वाट बघत नाही. गस्त घालते. आपल्या प्रत्येक निरोगी पेशीच्या अंगावर एक खूण असते, 'मी इथलीच' म्हणून. मारक पेशी जवळ जाते, खूण चाचपते, सोडून देते. विषाणू लबाड. दुसऱ्या शिपायांपासून लपायला तो पुष्कळदा ती खूण पुसून टाकतो. पण मारक पेशीला नेमकं तेच खटकतं. ती त्या पेशीला भोक पाडते, आत विष सोडते, आणि पेशी विषाणूसकट मरते. वर ती हाक मारून बाकीच्यांनाही गोळा करते."

इथं पोरं खूश व्हायची. मग सर आवाज उतरवायचे. "पण तिची खरी शहाणपणाची गोष्ट मारण्यात नाही. मारायला काय, विष तिच्याकडं तयारच असतं. तिची गोष्ट हात आवरण्यात आहे. आपल्याला ओळखलं की ती हात आवरते. आणि हे ती लहानपणी शिकते, आपल्यांत राहून, आपल्या खुणा चाचपून. जिनं आपली माणसं कधी नीट पाहिलीच नाहीत, ती मोठेपणी राखणीच्या कामाची राहत नाही. आणि या पेशी नको तेवढ्या चवताळल्या, तर ज्या फुप्फुसाची राखण करायची त्यालाच इजा करतात."

त्यांची एक सवय याच्याशीच जोडलेली असावी. नवीन मूल वर्गात आलं आणि नाव सांगायला लागलं की सर थांबवायचे. "आडनाव नको. ओळख सांग." मूल गोंधळायचं. मग कुणी म्हणायचं, "मला पोहता येतं," कुणी, "आमच्या गाईला जुळं झालंय." सर त्याच नावानं त्याला वर्षभर हाक मारायचे. आमच्या शाळेत 'पोहणारा' होता, 'जुळ्या गाईची' होती. मुख्याध्यापक म्हणायचे, हजेरीत हे कसं लिहायचं? सर म्हणायचे, "हजेरीत तुमचं लिहा, वर्गात माझं चालू द्या."

मारक पेशी शिकवायला त्यांनी एक खेळ काढला होता. मैदानावरच्या कडुलिंबाची पानं काढायची आणि प्रत्येकानं एक खिशात खोचायचं, अर्धं बाहेर दिसेल असं. ती झाली खूण. तिघा-चौघांना सर गुपचूप विषाणू द्यायचे, म्हणजे कानात सांगायचे. त्यांनी पान लपवायचं आणि मधूनमधून खोकायचं. एक जण राखणदार. तो पळत सुटायचा आणि ज्याच्या खिशाला पान नाही त्याच्या पाठीवर थाप मारायचा. थाप बसली की बाद.

एकदा नंदा नावाची मुलगी, म्हणजे ती जुळ्या गाईचीच, मैदानाच्या कडेला उभी होती. तिथं एक शेळी बांधलेली. शेळीनं मान लांब करून तिच्या खिशातलं पान खाल्लं. राखणदार धावत आला, पान नाही म्हणून त्यानं दिली धपकन थाप. नंदा रडायला लागली. "मी आपलीच हाय! शेरडीनं खाल्लं माझं पान!" सगळं मैदान हसलं. मीही व्हरांड्यात हसलो. सर हसले नाहीत. त्यांनी खेळ थांबवला आणि राखणदार पोराला जवळ घेऊन विचारलं, "पान नव्हतं, बरोबर. ती खोकत होती?"

"न्हाई सर."

"तोंड बघितलंस तिचं?"

"न्हाई सर. पानच बघितलं."

"मारक पेशी तुझ्यापेक्षा शहाणी आहे बघ. ती नुसतं पान गेलेलं बघत नाही. त्रासाची खूण आहे का, तेही बघते. दोन्ही तोलते आणि मगच हात उचलते. तू तोललं नाहीस." मग ते नंदाकडं वळले. "तुला थाप बसली ती चुकीची. ती परत घेता येत नाही. पण तो तुझ्याजवळ येऊन चुकलो म्हणेल." आणि त्यांनी त्या पोराला सगळ्यांसमोर तसं म्हणायला लावलं. पोरगा अकरा-बारा वर्षांचा असेल. मान खाली घालून म्हणाला, "चुकलो नंदे." झालं. खेळ पुन्हा सुरू.

हे इतकं सोपं असतं, हे मी त्या दिवशी पाहिलेलं आहे.

आम्ही दोघं निवृत्त झालो तरी सर महिन्यातून एकदा स्कूटरवरून आमच्या घरी यायचे. माझ्यापेक्षा माझ्या बायकोसाठी. कुसुमला दमा. डॉक्टरनं इन्हेलर दिलेला, पण ती तो अत्तराच्या बाटलीसारखा तोंडासमोर फुसकन उडवायची आणि म्हणायची, काही उपयोग नाही याचा. सरांनी तिला शिकवलं. "वहिनी, आधी श्वास सोडा. आता ओढा, ओढा, धरा. मी दहा म्हणेपर्यंत सोडायचं नाही." आणि ते स्वतःही छाती फुगवून, बोटांवर दहा मोजत बसायचे. दोन म्हातारी माणसं गाल फुगवून एकमेकांकडं बघत बसलीत, हे दृश्य पाहून मला हसू यायचं. सर त्या दिवशी फाया घरी ठेवून यायचे, तिला वासानं त्रास नको म्हणून. मग कुसुमनंच सांगितलं, वाळ्याचा मला काही होत नाही, उलट बरं वाटतं. तेव्हापासून फाया परत कानात आला.

आता ती सकाळ.

साथीच्या पहिल्या उन्हाळ्यात गावोगाव रस्ते बंद झाले, तसा आमचाही झाला. फाट्यावरून आत येणाऱ्या रस्त्यावर बाभळीच्या फांद्या आडव्या टाकल्या. बाजूला टोमॅटोच्या क्रेट उपड्या घालून बसायला जागा केली. राखणीला गावातली विशी-बाविशीची पोरं, त्यांचा म्होरक्या बाळू. ही सगळी पिवळ्या बसमधून इंग्रजी शाळेत गेलेली, आमच्या शाळेत शिकलेलं त्यांच्यात कुणी नव्हतं. पण गावाचे पुण्याला गेलेले, ओतूरला दिलेल्या लेकी, असे सगळे परत येत होते आणि पोरांना चेहरे माहीत नव्हते. म्हणून बाळू माझ्या घरी आला. "गुरुजी, तुमी अख्ख्या गावाला वळखता. तुमी नुसतं बसायचं आन् सांगायचं, आपला का परका. बाकी आमी बघतो." मला बरं वाटलं, कबूल करतो. निवृत्त माणसाला कुणी कामाला बोलावलं की बरं वाटतं.

नियम असा केला होता की ज्यानं 'हा आपला' म्हणून ओळख द्यायची, त्यानं वहीत सही करायची. आणि ज्याला आत घेतलं त्याच्याबरोबर त्यानंही चौदा दिवस शाळेच्या खोलीत राहायचं. खोट्या ओळखी देऊ नयेत म्हणून. ओळखायचं तर जामीन राहायचं.

त्याच दिवसांत मोबाइलवर रोज काही ना काही येत होतं. अमुक लोक मुद्दाम रोग पसरवतात, फळांना थुंकी लावतात. मी ते वाचत होतो. त्यातला एक मेसेज मीही चार जणांना पुढे पाठवला होता. तीस वर्षं अत्तार सरांच्या शेजारी बसून डबा खाल्लेल्या माणसानं. पाठवताना सर डोळ्यांसमोर आलेच नाहीत. तो मेसेज कुणाबद्दल तरी होता, सर कुणी तरी नव्हते, असं काहीसं असेल.

कुसुमचा इन्हेलर संपत आला होता. आमच्याकडं औषधाचं दुकान नाही. मी सरांना फोन केला. हे नीट लक्षात घ्या, मी फोन केला. "सर, जुन्नरला मिळेल का हो?" ते म्हणाले, "मिळेल. उद्या सकाळी आणतो. बंदोबस्तावरच्या पोलिसाला डॉक्टरची चिठ्ठी दाखवतो, जाऊ देईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास फाट्याकडून स्कूटर आली. हेल्मेट, पांढरा मास्क, पूर्ण बाह्या. काट्यांपलीकडं थांबली.

बाळूनं विचारलं, "कुठनं आलात पावणं?"

"जुन्नरहून. नलावडे गुरुजींच्या घरी औषध द्यायचंय."

"नाव?"

"मी या गावात तीस वर्षं शिकवलंय, बाळा."

"ते न्हाई इचारलं. नाव सांगा."

सरांनी नाव सांगितलं. पोरांनी एकमेकांकडं पाहिलं. एक जण दोन पावलं मागं सरकला. बाळूनं माझ्याकडं वळून विचारलं, "गुरुजी, आपलं हायेत का हे?"

सरांनी हेल्मेट काढलं. मास्क हनुवटीखाली ओढला, मला चेहरा नीट दिसावा म्हणून. आणि हसून म्हणाले, "नलावडे, सांगा यांना."

वारं त्यांच्या बाजूनं होतं. काट्यांवरून वाळ्याचा वास माझ्यापर्यंत आला.

मी खाली वहीकडं पाहिलं. त्या वेळात काय काय मनात येऊन गेलं ते सगळं सांगतो, लपवत नाही. सही केली तर चौदा दिवस शाळेत. कुसुम घरात एकटी. यांच्याबरोबर मी एका खोलीत राहिलो हे गावात कळणार. आणि तो मेसेज. तोही आला मनात. बायकोची काळजी हे यातलं सगळ्यात चांगलं कारण आहे, म्हणून पुढची कित्येक वर्षं मी स्वतःला तेवढंच सांगत आलो. पण ते पहिलं कारण नव्हतं.

मी म्हणालो, "माझ्या डोळ्यांवर ऊन येतंय. नीट ओळखू येत नाही."

ऊन माझ्या पाठीमागं होतं.

उत्तर येत असूनही चुकीचं सांगणाऱ्या मुलाकडं सर वर्गात जसं बघायचे, तसं त्यांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. हे मूल आता स्वतःच दुरुस्त करील, अशी वाट बघितल्यासारखं. दुरुस्ती झाली नाही, तेव्हा त्यांनी मास्क वर घेतला.

"फवार रं," बाळू म्हणाला. एका पोराच्या पाठीवर द्राक्षांवर फवारायचा पंप होता, त्यात ब्लीचिंगचं पाणी. आधी त्यानं स्कूटरच्या चाकांवर मारलं. मग वर. तो फवारा थेट सरांच्या तोंडावर गेला. मास्कच्या आत गेला असणार, कारण ते दुमडून खोकायला लागले. ज्यानं फळ्याचं फडकं तीस वर्षं ओलं करून वापरलं, त्याच्या छातीत आम्ही क्लोरिन भरला.

"खोकतोय! खोकतोय राव ह्यो!" पोरं ओरडली. "काढा गाडी! निघा!"

सरांनी खिशातून पुडी काढली आणि रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडावर ठेवली. खोकला थांबेना, पण मधेच श्वास धरून त्यांनी सांगितलं, "दम्याचं आहे. कुसुमवहिनींना द्या. उन्हात ठेवू नका." आणि स्कूटर वळवली. वळणापर्यंत खोकला ऐकू येत होता.

पुडी मी घेतली. तीही फवारून घेतली आधी.

घरी आलो तर कुसुमनं चहा ठेवला होता. तीन कप मांडलेले. "सर कुठं?" तिनं विचारलं. तेव्हा मी पहिल्यांदा ते वाक्य म्हणालो. "गावाला धोका नको म्हणून तेच वेशीवरून परत गेले." कुसुम म्हणाली, "असेच आहेत ते." तिनं इन्हेलर घेतला, श्वास सोडला, ओढला, धरला. बोटांवर दहा मोजायला आता समोर कुणी नव्हतं, म्हणून तिनं स्वतःच मोजले. शोकसभेतलं वाक्य असं घरात तयार झालं होतं. एकदा बायकोनं मान्य केलं की माणसाला ते खरं वाटायला लागतं.

पुढच्या वर्षी मलाच तो आजार झाला. दवाखान्यातून परत आलो तर वास गेलेला. कांदा हुंगला, रॉकेल हुंगलं, काही नाही. उपकेंद्रातली नर्स घरी बघायला यायची. ती आपली नंदा, शेळीनं पान खाल्लेली. एक दिवस तिनं पर्समधून बोटाएवढी बाटली काढली आणि माझ्या हातात ठेवली.

"अत्तार सरांनी दिलंय. रोज सकाळ-संध्याकाळ हुंगा म्हणाले. नाकाला परत सवय लावावी लागते. वास आला की फोन करा."

मी बाटलीकडं बघत बसलो. नंदा दारात थांबली. म्हणाली, "बघा, ओळखू येतोय का, गुरुजी." आणि गेली. तिला कुणी सांगितलं असेल? बाळूनंच, बहुतेक. गावात अशा गोष्टी सगळ्यांना माहीत असतात, फक्त बोलत कुणी नाही.

मी रोज हुंगत होतो. पहिले दोन महिने बाटलीत पाणी आहे असंच वाटायचं. मग एका सकाळी, तोंड धुऊन बसलो असताना, खूप लांबून काहीतरी थंड, मुळांचं आलं. आणि त्या वासाबरोबर काय आलं असेल ते मी सांगायला नको. काटे आले, वही आली, मैलाचा दगड आला. मी बाटलीला बूच लावलं. फोन केला नाही. आणखी वर्ष गेलं.

शेवटी जुन्नरला गेलो तो मनाशी पक्कं करून. एसटीत वाक्य घोकत होतो. 'सर, मी चुकलो.' तीनच शब्द. अकरा-बारा वर्षांच्या पोराला जमले होते.

सर घराच्या पायरीवर खुर्ची टाकून सकाळचं ऊन घेत बसले होते. निम्मे झाले होते. खिडकीला ओला पडदा. बोलताना दर चार शब्दांनी थांबायचे. डॉक्टर म्हणाले होते फुप्फुसं कडक झालीत. मी विचारलं, "खोकला कधीपासून?"

ते माझ्याकडं बघून हसले. "नलावडे, तुम्ही गणिताचे. एकाच्या मागून दुसरं आलं म्हणजे पहिल्यामुळंच आलं, असं गणितात धरतात का?"

"नाही."

"मग धरू नका. वय झालं. राखणदारही म्हातारे होतात." थोडा दम घेऊन म्हणाले, "वास आला का?"

"आला."

"कशाचा?"

"वाळ्याचा."

"झालं तर मग." आणि त्यांनी आत हाक मारून चहा सांगितला.

त्या चहाच्या वेळात मी तीनदा तोंड उघडलं. एकदा पावसाबद्दल बोललो, एकदा टोमॅटोच्या रोगाबद्दल. तिसऱ्यांदा "सर, त्या दिवशी..." एवढं म्हणालो. त्यांनी कप खाली ठेवला आणि वाट बघितली. अगदी तशीच, वेशीवर बघितली होती तशी. मी म्हणालो, "त्या दिवशी पाठवलेली बाटली संपत आली." ते म्हणाले, "दुसरी नेऊन ठेवा." उठून आत गेले, भिंतीला धरून, आणि दुसरी बाटली घेऊन आले.

मी निघालो. नको म्हणत असताना ते बोळाच्या तोंडापर्यंत पोचवायला आले. रस्त्यावर वाहनांचा धूर, म्हणून त्यांनी मास्क लावला होता. मी पलीकडं जाऊन मागं वळून पाहिलं. ते अजून उभे होते. त्यांनी हात वर केला, आणि मग तो मास्क हनुवटीखाली ओढला आणि तसेच थांबले, चेहरा दाखवत. धुरात उभे. मधे एक एसटी आली. ती गेल्यावर बोळाच्या तोंडाशी कुणी नव्हतं.

त्यानंतर पाच महिन्यांनी सर गेले. मी मयतीला गेलो, खांदाही दिला. तिथंही माझ्या खिशात त्यांचीच बाटली होती.

कुसुमला मी हे अजून सांगितलेलं नाही. हे छापून आलं की तीच वाचील. नंदाला, बाळूला, शाळेला, सगळ्यांना कळेल. पण ज्यांच्याजवळ जाऊन म्हणायचं होतं त्यांच्यापर्यंत हे जाणार नाही, हे मला माहीत आहे. तरी लिहितो.

सर, ऊन माझ्या पाठीमागं होतं. मी तुम्हाला ओळखलं होतं.